वेचणीच्या दिवसांत तीन दिवसांचे वरण करून ठेवताना

कापूस वेचणीसाठी पहाटेच वावरात जावे लागते म्हणून आपण तीन दिवसांचे वरण एकदम केले आणि ते फ्रीजमध्ये ठेवूनही दुसऱ्या दिवशी आंबले, असे आपण लिहिले आहे. आमच्याही घरी दोन हंगाम हेच झाले, आणि माझ्या मते दोष फ्रीजचा नसून गंजाचा, म्हणजे मोठ्या पातेल्याचा आहे.

मोठ्या गंजातले चार-पाच लिटर वरण वरून निवलेले दिसते, पण पळी तळापर्यंत घातली की आतले वरण कितीतरी तास कोमट असल्याचे कळते, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. मी गंज झाकून निजत असे. सकाळी वरणावर बारीक बुडबुडे दिसत आणि पळीला तार येई. आता वरण उतरवल्याबरोबर दोन परातींत बोटभर थराने पसरते, वर स्वच्छ फडके टाकते आणि निवले की लहान डब्यांत भरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवते. फोडणी रोजच्या रोज, लागेल तेवढ्याच वरणाला उकळी आणून द्यावी.

भात मात्र साठवू नये, हे आग्रहाने सांगते. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात उबदार राहिला की वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देण्याची आपली सवय जुनी आहे. निदान तो भात रात्रभर चुलीजवळ राहू देऊ नये.

सगळे जेवण आधी करण्यापेक्षा वेळखाऊ तेवढेच करून ठेवावे. कांदा आणि सुके खोबरे तेलावर खमंग भाजून, पाणी न घालता वाटलेला मसाला फ्रीजमध्ये चांगला राहतो. पातोडीच्या वड्या आदल्या रात्री थापून ठेवल्या, तर संध्याकाळी रस्सा उकळून त्या सोडायच्या तेवढ्या उरतात. जवसाची चटणी कोरड्या बरणीत असावी. ज्वारीची भाकर मात्र ताजीच करावी, कारण शिळी भाकर कडक होते.

वीज गेल्यावर फ्रीज न उघडल्यास आतला थंडावा साधारण ४ तास टिकतो, म्हणून भारनियमनाच्या वेळा ठाऊक असतील तर संध्याकाळचे डबे पुढेच ठेवावेत, म्हणजे दार एकदाच, थोडा वेळ उघडावे लागते.