साठ रंगांचा डबा की पाच सुट्या वस्तू?

या वेळच्या पत्रांत एकच विषय, मुलीचा पहिला मेकअप सेट, निरनिराळ्या नात्यांनी विचारला गेलाय. कुणी मावशी, कुणी आई, एक आजी आणि सातारची एक आठवीतली मुलगी. पत्रं थोडी आटोपशीर करून घेतली आहेत.

भाचीला पुढच्या महिन्यात तेरावं लागतंय. तिने मेकअप सेट मागितलाय. ऑनलाइन साठ आयशॅडो, ब्लश, लिपग्लॉस, ब्रश असा आरशाचा डबा सातशे रुपयांत दिसतो. माझं बजेट दीड हजाराचं आहे. हाच घेऊन वर काही जोडू का?
*एक मावशी, नाशिक*

तो डबा घेऊ नका. उघडल्यावर पाच मिनिटं डोळे दिपतात हे खरं, पण त्या साठांतले तीन-चार रंगच तिच्या कामाचे निघतील. स्वस्त सेटमध्ये आयशॅडोच्या पावडरीला धरून ठेवणारं बाइंडर बेताचंच असतं, त्यामुळे ब्रश टेकवला की भुगा उडतो. तो शेजारच्या उघड्या लिपग्लॉसच्या खणात पडतो, त्याच खणात बोट जातं, आणि महिन्याभरात ग्लॉस राखाडी होतो. सोबत आलेल्या स्पंजच्या काड्या धुतल्या की तुटतात, म्हणून कुणी धुतच नाही. शिवाय उत्पादकाचं नाव, लायसन्स नंबर, मुदत हे सगळं बहुधा बाहेरच्या पुठ्ठ्यावर छापलेलं असतं आणि पुठ्ठा वाढदिवसाच्या रात्रीच केरात जातो. पुढे पापणीला खाज सुटली तर डॉक्टरांना दाखवायला हातात काही उरत नाही.

त्याऐवजी दीड हजारात सुट्या वस्तू अशा बसवा. दुकान आणि ब्रँडप्रमाणे किंमत थोडी इकडे-तिकडे होईल.

सनस्क्रीन, ५० ग्रॅम, साधारण ४०० रुपये. एसपीएफ (उन्हाने भाजण्यापासून किती बचाव, तो आकडा) ३० किंवा ५०, सोबत पीए+++ (त्वचेत खोल जाणाऱ्या किरणांपासून बचावाची खूण) लिहिलेलं. त्वचा तेलकट असेल तर जेल, कोरडी असेल तर क्रीम. मेकअपच्या भेटीत हे कशाला, असं भाची म्हणेल, पण रोज वापरली जाणारी वस्तू हीच. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, एवढं प्रमाण. उन्हात जाण्याआधी पंधरा मिनिटं. वाटाण्याएवढं लावलं तर डबीवरचा एसपीएफ नुसता वाचायलाच राहतो.

टिंटेड लिप बाम, २०० रुपये. लिपस्टिकपेक्षा हा बरा, कारण आरशाशिवाय लावता येतो आणि ओठाबाहेर गेला तरी शोभा होत नाही. कांडीचा घ्या, डबीचा नको. डबीत बोट बुडतं.

क्रीम ब्लश, ३०० रुपये. गालाच्या हाडावर दोन ठिपके, बोटाने कानाच्या दिशेला थोपटत न्यायचे. घासलं की पट्टा उठतो. चेहरा फारच तेलकट असेल तर पावडरचा ब्लश घ्या. रंग निवडताना इथे चूक होते: दुकानात गोड दिसणारा फिका गुलाबी गव्हाळ किंवा सावळ्या गालावर पिठासारखा बसतो. गव्हाळ रंगाला कोरल किंवा पीच, सावळ्या रंगाला विटकरी, जांभूळ किंवा बेरी. लिप बामलाही हाच हिशेब.

काजळ पेन्सिल, २०० रुपये, आणि सोबत ५० रुपयांचा शार्पनर. आम्ही लाकडी पेन्सिलीच्या बाजूचे आहोत. फिरवून वर येणाऱ्या काजळाचं टोक साफ करता येत नाही. लाकडी पेन्सिलीला दर दोन-तीन वापरांनी टोक काढलं की वरचा मळका थर निघून जातो. आणि 'चोवीस तास टिकणारं' घेऊ नका. जे चोवीस तास टिकतं ते रात्री घासून काढावं लागतं, आणि पापणीची कातडी चेहऱ्यावरची सगळ्यांत पातळ.

मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप काढायचं पाणी, लहान बाटली, २०० रुपये. उरलेल्या दीडशेत धुता येईल असा कापडी किंवा रेक्झिनचा पाऊच. फाउंडेशन, कन्सीलर, मस्कारा यांतलं काही नको. फाउंडेशनचा रंग जबड्याच्या रेषेवर लावून दिवसाच्या उजेडात पारखावा लागतो, ते तुम्ही तिच्या पाठीमागे करणार कसं? मस्कारा उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत टाकायचा असतो आणि तेरा वर्षांची मुलगी तो दोन वर्षं पुरवते.

दोन कामं भेट बांधण्याआधी. एक, बहिणीला फोन: भाचीला कशाची ॲलर्जी आहे का, चेहऱ्यावर डॉक्टरांचं मलम चालू आहे का, आणि मुख्य म्हणजे बहिणीला ही भेट मान्य आहे का. आईच्या अपरोक्ष दिलेला पाऊच कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातो. दुसरं, सीलबंद वस्तू आणि बिल दोन्ही द्या. उघडलेलं सौंदर्यप्रसाधन कुठलाच दुकानदार बदलून देत नाही.

लेबलवर नेमकं काय बघायचं? सगळं इतकं बारीक छापलेलं असतं.
*एक वाचक, कोल्हापूर*

मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. भारतात सौंदर्यप्रसाधनांना २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स लागू आहेत. इथे बनलेल्या मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर (बहुधा 'एम. एल.' या अक्षरांपुढे), बॅच नंबर आणि वापरण्याची अंतिम तारीख असते. बाहेरून आयात झालेल्या मालावर आयातदाराचं नाव आणि नोंदणीचा नंबर हवा. परदेशी नाव, परदेशी लिपी आणि आयातदाराचा पत्ताच नाही, असा माल कितीही देखणा असला तरी घेऊ नका.

घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे जाते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने. म्हणजे ठळक अक्षरांत 'बदाम तेल' आणि यादीत ते सुगंधाच्याही नंतर, तर त्या बदामाचे पैसे देऊ नका. सुगंधासाठी 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' हा शब्द शोधा. प्रसाधनांमुळे येणाऱ्या ॲलर्जीत सुगंध पुढच्या रांगेत असतो, तेव्हा पहिल्या सेटमध्ये बिनवासाच्या वस्तू जितक्या मिळतील तितक्या बऱ्या.

उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ६ एम, १२ एम असं दिसेल. उघडल्यापासून तेवढे महिने. उघडल्याची तारीख परमनंट मार्करने तळाला लिहून ठेवायची सवय मुलीला पहिल्याच दिवशी लावा.

बनावट माल ओळखायला एक सोपी खूण: पुठ्ठ्यावरचा आणि आतल्या नळीवरचा बॅच नंबर जुळतो का ते पाहा. छापील किंमत सहाशे आणि विक्री सव्वाशेला, तर विक्रेत्याचं नाव तपासल्याशिवाय ऑर्डर करू नका. शंका आली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते; त्यासाठी बिल आणि पुठ्ठा जपून ठेवा.

मुलगी चौदाची, कपाळभर पुटकुळ्या. ती म्हणते कॉम्पॅक्ट दे, झाकून टाकते. पार्लरवाल्या ताई एक क्रीम देतात, त्याने आठ दिवसांत चेहरा उजळतो म्हणतात. काय देऊ?
*एक आई, छत्रपती संभाजीनगर*

आधी त्या क्रीमचं. ते देऊ नका, आणि आणलं असेल तर मुलीच्या हाताशी ठेवू नका. आठ दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या बिननावाच्या डबीत बहुधा दोनांपैकी एक असतं: तीव्र स्टेरॉइड किंवा पारा. स्टेरॉइडने आधी चेहरा खरंच नितळ दिसतो. थांबवलं की लाली, आग आणि दुप्पट पुटकुळ्या, म्हणून लोक पुन्हा तेच लावतात आणि कातडी पातळ होत जाते. अशी बरीच मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती मिळतात. पारा त्वचेतून शरीरात जातो. २०२३ साली केरळच्या मलप्पुरममध्ये आणि आपल्याकडे अकोल्यात गोरं करणाऱ्या क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा आजार झालेले रुग्ण समोर आले होते.

आता कॉम्पॅक्ट. पावडरीपेक्षा पफचा त्रास जास्त. घाम, तेल आणि कालची पावडर शोषलेला पफ रोज त्याच कपाळावर दाबला जातो. पफ आठवड्यातून एकदा साबणाने धुवून पूर्ण वाळवायचा, नाहीतर कॉम्पॅक्ट देऊच नका. यादीत आयसोप्रोपिल मिरिस्टेट, कोको बटर, खोबरेल तेल ही नावं वरच्या बाजूला दिसली तर पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला ती वस्तू टाळा. 'नॉन-कॉमेडोजेनिक' (त्वचेची छिद्रं न बुजवणारं) हा शब्द असेल तर बरं, पण त्यामागे कायद्याने ठरवलेली चाचणी नाही, तेव्हा त्या एकाच शब्दावर विसंबू नका. कपाळावर केसांचं तेल उतरतंय का, तेही बघा. शाळेत जाताना चापून तेल लावलेल्या मुलींच्या पुटकुळ्या अनेकदा केसांच्या रेषेलगतच असतात.

गाठी दुखत असतील किंवा खड्डे पडत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि मेकअपची भेट तीन महिने पुढे ढकला. सध्या मुली इन्स्टाग्राम पाहून रेटिनॉल आणि ॲसिडची सीरम मागतात. सुरकुत्या नसलेल्या चेहऱ्याला वयाच्या खुणा पुसणारं सीरम कशाला? डॉक्टरांनी सांगितलं तरच.

मी घरी काजळ धरते. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची ताटली, काजळी खरवडून तुपात खलायची. नातीला बाजारचं देण्यापेक्षा हे चांगलं ना?
*एक आजी, रत्नागिरी*

तुमच्या काजळात शिसं नाही, आणि ही मोठी गोष्ट आहे. बाजारात सुट्ट्या पुडीत मिळणाऱ्या सुरम्यात शिशाचं सल्फाइड असू शकतं, तो नातीला कधीच नको. पण घरच्या काजळात परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसतं. तूप खवट होतं, डबीत वारंवार बोट जातं, आणि कोकणातल्या दमट हवेत जंतूंना तेवढं पुरतं. करायचंच तर हरभऱ्याएवढं करा, झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवा, स्वच्छ काडीने घ्या आणि पंधरा दिवसांनी टाकून द्या. नात भिंगं (कॉन्टॅक्ट लेन्स) वापरत असेल तर तुपाचं काजळ नकोच. भिंगावर तवंग धरतो.

आणि घरचं असो की विकतचं, पापणीच्या आतल्या ओल्या कडेला भरू नये. तिथे तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात, ती बुजली की रांजणवाडी येते. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी, बाहेरून रेघ ओढायला शिकवा.

नेलपॉलिश सेटमध्ये घालावी का? शाळेत चालत नाही.
*एक आत्या, ठाणे*

घाला, एकच बाटली, फिकी. शनिवारी शाळा सुटल्यावर लावायची, रविवारी रात्री काढायची. गडद लाल थेट नखावर लावली की नखं पिवळी पडतात, म्हणून गडद हवी असेल तर खाली बेस कोट. दोन पातळ थर, मध्ये तीन मिनिटं. रिमूव्हर ॲसिटोन नसलेला घ्या. पॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही चटकन पेट घेतात. गॅसजवळ किंवा देवासमोर समई तेवत असताना हे उद्योग नकोत.

काकाने अमेरिकेहून सेट आणलाय. कुठेच एक्स्पायरी नाही. वापरावा का?
*एक वाचक, पुणे*

अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांवर अंतिम तारीख छापणं बंधनकारक नाही, त्यामुळे ती नसली म्हणून माल खोटा ठरत नाही. सील शाबूत आहे का पाहा, उघड्या डबीचं चिन्ह शोधा. २०१९ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने मुलींसाठी विकल्या जाणाऱ्या काही मेकअप वस्तूंत ॲस्बेस्टॉस (कर्करोगाला कारण ठरणारं तंतुमय खनिज) सापडल्याचं जाहीर केलं होतं. मेकअपच्या पावडरींत वापरल्या जाणाऱ्या टाल्क या खनिजाबरोबर खाणीतूनच तो येऊ शकतो. तेव्हा जुना, नाव नसलेला पावडरींचा सेट असेल तर सोडून द्या. क्रीमच्या वस्तू वास आणि रंग न बदललेल्या असतील तर आधी चाचणी करून वापरा.

चाचणी अशी: कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावायचं. एका रात्रीत निकाल लावू नका, ॲलर्जी उठायला दोन-चार दिवसही लागतात. खाज, लाली, बारीक पुरळ आलं तर ती वस्तू बाद. मायसेलर वॉटर असेल तर पाच मिनिटांनी धुवून टाकायचं.

मला वाढदिवसाला लिपग्लॉस आणि काजळ मिळालं. वर्गातल्या मैत्रिणी मधल्या सुट्टीत मागतात. नाही म्हटलं की रागावतात.
*आठवीतली एक, सातारा*

काजळ कुणालाच नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते तेव्हा तर एका पेन्सिलीने अर्धा वर्ग घरी बसेल. तुझे स्वतःचे डोळे आले तर बरी झाल्यावर ती पेन्सिल टाकून नवी घे. ग्लॉसची काडी ओठाला लागून परत नळीत जाते, म्हणून एकदा दिला की सगळी नळी वाटल्यासारखीच. ओठावरच्या पाण्याच्या पुटकुळ्यांचा विषाणू असाच फिरतो. कांडीचा बाम असेल तर वरचा थर टिश्यूने पुसून, मैत्रिणीच्या स्वच्छ बोटावर थोडा काढून दे. ग्लॉस आणि काजळ शाळेत नेऊच नकोस, म्हणजे मागायला कुणी येणार नाही.

रात्री काढताना कापूस मायसेलर वॉटरने ओला करून मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता धर, मग खाली पुसून घे. घासायचं नाही. त्यानंतर पाण्याने चेहरा धू, बाटलीवर 'धुवायची गरज नाही' लिहिलं असलं तरी. ब्लशसाठी ब्रश असेल तर पंधरा दिवसांतून एकदा थेंबभर शाम्पूने धू, केसांची बाजू खाली धरून. वाळायला आडवा ठेव. उभा ठेवलास तर पाणी दांड्यात उतरतं, डिंक सुटतो आणि केस गळायला लागतात.