घरचे गॅरेज : अवजारांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात घरच्या घरी वाहनाची देखभाल कशी करावी याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत इंजिनापेक्षा पान्यांच्या पेटीविषयीचेच प्रश्न अधिक निघाले, म्हणून या वेळचे सदर पूर्णतः अवजारांना दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे जुनी मारुती ८०० आहे आणि सुटीच्या दिवशी तिची किरकोळ कामे मी स्वतः करतो. सवलतीत मिळाला म्हणून ४६ नगांचा सॉकेट सेट (नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या पान्यांचा) घेतला. गाडीखालचा १४ मिलिमीटर मापाचा गंजलेला बोल्ट सुटेना, म्हणून दांड्यावर नळाचा पाइप चढवला, तर सॉकेट फिरवण्याचा तो दांडा, म्हणजे रॅचेट, कडकन तुटले. आता दोनशे नगांचा मोठा सेट घ्यावा काय?
— एक शिक्षक, सांगली

उत्तर : रॅचेट निकृष्ट असेलही, परंतु उत्तम प्रतीचे असते तरी आपल्या पाइपपुढे ते टिकले नसते. ४६ नगांच्या त्या डब्यातील रॅचेटची, सॉकेट जिच्यावर बसते ती चौकोनी खुंटी पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची असते. डॅशबोर्ड, एअर फिल्टरचे झाकण, बॅटरीचे टर्मिनल अशा हलक्या कामांसाठी ती योजलेली आहे. सेटमध्ये १४ चे सॉकेट दिलेले असते म्हणून १४ चा कोणताही बोल्ट त्याने सुटेल असे आपण गृहीत धरतो आणि तेथेच फसतो. गंजलेल्या बोल्टसाठी अर्ध्या इंचाची खुंटी, तिच्यावर बसणारा लांब सरळ दांडा आणि आदल्या रात्री आट्यांवर (बोल्टच्या फिरकीच्या खाचांवर) सोडलेले गंज सैल करणारे तेल एवढे लागते. रॅचेट हे सैल झालेला बोल्ट भराभर फिरवण्यासाठी आहे, अडकलेला मोडून काढण्यासाठी नव्हे.

दोनशे नगांचा सेट मात्र घेऊ नये. आपल्या गाडीची रचना जपानी आहे आणि तिच्यावरची बहुतेक कामे ८, १०, १२, १४, १७ आणि १९ या सहा मापांत भागतात. तेव्हा अर्ध्या इंचाच्या खुंटीचे १०, १२, १४, १७ आणि १९ एवढेच सॉकेट सुटे, चांगल्या प्रतीचे आणि सहाकोनी घ्यावेत. बाराकोनी सॉकेट अडचणीच्या जागी पटकन बसते हे खरे, परंतु ते नटाच्या कोपऱ्यांवर जोर देते आणि एकदा कोपरे झिजले की नट गोल होतो. सहाकोनी सॉकेट नटाच्या सपाट बाजूंना धरते. त्याच्या जोडीला रिंग पान्यांचा आठ नगांचा सेट असावा. नाशिकच्या टपारियासारख्या कारखान्यांचे असे सेट कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. त्यातील १०-११, १२-१३ आणि १४-१५ हे पाने वर्षभरात काळे पडतील आणि २०-२२ चा पाना दहा वर्षांनीही दुकानातून आणल्यासारखा चकचकीत राहील. गंमत अशी की ज्या २१ च्या मापाची गरज जुन्या पद्धतीच्या स्पार्क प्लगला पडते, तेच या मालिकेत नसते. त्यासाठी प्लगचा नळीचा पाना वेगळा घ्यावा लागतो.

त्यापुढची खरेदी काम अडेल तशी करावी. ज्या दिवशी एखाद्या नटापाशी आपला हात थांबेल, त्या दिवशी त्या एका नटाचे अवजार परवडेल त्यातले उत्तम घ्यावे. माझी पेटी अशीच तीस वर्षांत भरली आणि तिच्यातील जवळजवळ प्रत्येक पाना कोणत्या गाडीच्या कोणत्या दुखण्यासाठी आला हे मला आजही सांगता येईल. एकदाच घाईने घेतलेला मोठा सेट मात्र माळ्यावर आहे.

प्रश्न : वडिलांची जुनी, ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट पुन्हा चालू करायची आहे. काही नटांना १३ चा पाना जात नाही आणि १४ चा फिरतो. नट झिजले आहेत की पाने खराब आहेत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा दोन्ही ठीक आहेत, मापाची पद्धत निराळी आहे. ही मोटरसायकल मुळात इंग्लंडची. मद्रासला १९५५ मध्ये तिचे काम सुरू झाल्यावरही इंग्रजी आटे आणि नट पुष्कळ काळ तसेच राहिले. त्यातील व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाची रुंदी सांगत नाही, तर ज्या बोल्टसाठी तो पाना आहे त्या बोल्टची जाडी सांगतो. त्यामुळे पाव इंच व्हिटवर्थच्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात सुमारे १३.३ मिलिमीटर असते. आपला १३ चा पाना आत जात नाही आणि १४ चा कोपरे खातो, ते याच फरकामुळे. पाच सोळांश व्हिटवर्थ सुमारे १५.२ मिलिमीटर भरतो. तीन अष्टमांश मात्र १८ च्या पान्याला जवळजवळ नेमका बसतो.

आधीच्या मालकांनी मधल्या काळात मिलिमीटरचे नट बसवलेले असण्याचीही शक्यता आहे, म्हणून पाना लावण्यापूर्वी व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक नट मोजावा आणि वहीत टिपून ठेवावा. व्हिटवर्थचे जुने पाने भंगार बाजारात अजून मिळतात. जुन्या बुलेटवर हात बसलेला एखादा वयस्कर मिस्त्री गाठता आला तर त्याहून उत्तम, कारण कोणता नट कोणत्या मापाचा हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. १४ च्या पान्यात पत्र्याची पट्टी कोंबून काम भागवणारे लोक मी पाहिले आहेत. एक-दोनदा ते साधतेही, परंतु या गाडीचे मूळ नट आता सहजी मिळत नाहीत हे लक्षात ठेवून आपण तो मोह टाळावा.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये शिकतो. घरी १०० सीसीची मोटरसायकल उघडून सराव करतो. क्लच आणि मॅग्नेटसाठी लागणारी खास अवजारे महाग आहेत. कोणती घरी बनवता येतील आणि कोणती बनवू नयेत?
— एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध मला विशेष आवडला, कारण बहुतेकांना पूर्वार्धच सुचतो. माझा दंडक असा, की जे अवजार धरते, ढकलते किंवा ओढते ते खुशाल घरी बनवावे. जे माप सांगते किंवा आपल्या अंगावरचे वजन पेलते ते विकतच आणावे.

क्लचपासून सुरुवात करू. मधला नट सोडवताना क्लचचा हब (मधला खाचांचा भाग) फिरू नये म्हणून तो धरून ठेवणारे अवजार लागते. कोणत्याही गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या क्लच प्लेट पडलेल्या असतात. त्यातील पोलादी प्लेट मागून आणावी, घर्षणाचा थर असलेली नव्हे, कारण हबच्या खाचांत बसणारे दाते पोलादी प्लेटच्या आतल्या कडेला असतात. तिला वेल्डरकडून फूटभर लांबीची लोखंडी पट्टी जोडून घेतली की अवजार तयार झाले. वेल्डिंग करताना प्लेट तापून वाकते, त्यामुळे घरी आणल्यावर ती हबवर चढवून पाहावी आणि अडली तर दाते कानशीने किंचित साफ करावेत. माझ्याकडची अशी पट्टी गेली कित्येक वर्षे चालते आहे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एक भोक पाडल्यामुळे ती खिळ्याला टांगता येते.

इंजिन फिरू नये म्हणून दोरीचीही युक्ती आहे. स्पार्क प्लग काढून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या फेरीत पिस्टन वर येण्याच्या थोडे आधी थांबवावा, प्लगच्या छिद्रातून स्वच्छ आणि मऊ नायलॉनची दोरी आत सोडावी आणि तिचे टोक बाहेर राखावे. मग नट सोडवताना पिस्टन दोरीच्या गाठोड्यावर येऊन थांबतो. टू-स्ट्रोक इंजिनात ही युक्ती जपून करावी, कारण तेथे सिलिंडरच्या भिंतीतील पोर्टमध्ये दोरी अडकून चिमटण्याची भीती असते. मॅग्नेट (इंजिनाच्या दांड्यावर बसणारे चुंबकी चाक) उतरवण्याचा पुलर, म्हणजे ओढून काढणारे अवजार, मात्र आपल्या गाडीच्या आट्यांचा विकतच घ्यावा. तो फार महाग नसतो, आणि हातोडीने ठोकून मॅग्नेट काढणाऱ्यांनी क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या त्या मुख्य दांड्याचे, टोक कसे मशरूमसारखे पसरवून ठेवलेले असते ते आपण आयटीआयमध्ये पाहिलेच असेल.

बेअरिंग बसवण्यासाठी त्याच मापाच्या जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग वापरावी. ग्राइंडरवर तिचा घेर केसभर कमी केला म्हणजे ती बेअरिंगच्या घरात (ते बसते त्या खोबणीत) अडकून बसत नाही. नवे बेअरिंग घरात बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर आणि शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर द्यावा. चुकीच्या रिंगवर ठोकले तर दाब गोळ्यांतून जातो आणि नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी खड्डे पडतात. बुश (दांड्याभोवतीची नळी) ओढून बसवण्यासाठी मजबुतीचा ८.८ शिक्का असलेला लांब बोल्ट, जाड वॉशर आणि पाइपचा तुकडा पुरतो. हे सर्व सामान हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळते आणि त्याने घणापेक्षा पुष्कळ सरळ काम होते.

आता न बनवण्याची अवजारे. टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट मोजण्यासाठी दाढीचे ब्लेड घालणारे मिस्त्री आहेत. ब्लेडची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, त्यामुळे त्यांचा अंदाज फारसा चुकत नाही, परंतु आपल्या इंजिनाचे माप ०.०८ किंवा ०.०५ असेल तर ब्लेड काय कामाचे? फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांची, किंमत एका जेवणाएवढी असते. टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते सांगणारा पाना) महाग आहे हे मान्य. शिवाय अर्ध्या इंचाचा नेहमीचा टॉर्क रेंच साधारण ४० न्यूटन-मीटरपासून पुढे मोजतो, तर इंजिनाच्या झाकणाच्या ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला १० च्या आसपासच पुरतात. तेथे तो रेंच लावला तर ‘टक्’ असा आवाज येण्यापूर्वी ॲल्युमिनियमचे आटे हातात येतील.

येथे माझ्याच दंडकाला एक अपवाद सांगतो. आपल्याकडे भाजी-मासळी तोलायचा हुकाचा काटा असेल, तर पान्याच्या टोकाला, बोल्टच्या मध्यापासून मोजून ३० सेंटिमीटरवर, तो काटकोनात अडकवून ओढावा. काटा १० किलो दाखवू लागला की बोल्टवर सुमारे २९ न्यूटन-मीटर जोर पडलेला असतो. पाना लहान असेल तर अंतर निम्मे धरावे, म्हणजे जोरही निम्मा होतो. ही युक्तीसुद्धा काटा खरा असेपर्यंतच खरी, तेव्हा आधी त्याला दोन लिटर पाण्याची पिशवी लावून तो पारखावा.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर घेऊन खाली सिमेंटचे ब्लॉक ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चालणार नाही. पोकळ किंवा हलका ब्लॉक एका बिंदूवर भार आला की वाकत नाही की कुरकुरत नाही, सरळ भुगा होतो, आणि त्या क्षणी आपण खाली असता. जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी वापरावा. खाली शिरायचे असेल तर लोखंडी स्टँडची जोडी घ्यावी आणि ती सपाट, पक्क्या जमिनीवर लावावी. पेव्हर ब्लॉकची फरशी त्यासाठी बरी नाही. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. बहुतेक मोटारींचा हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो आणि पुढच्या चाकांना उटी (चाक अडवणारी पाचर) लावणे भागच पडते. काढलेले ऑइल गटारात न सोडता बंद डब्यातून गॅरेजमध्ये पोहोचवावे, म्हणजे सोसायटीशीही वाद होणार नाही.

प्रश्न : पावसाळ्यात पेटीतले पाने गंजतात. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खाऱ्या हवेत क्रोमचा मुलामा उडाला की गंज तेथूनच शिरतो. जूनपूर्वी सर्व पाने पुसून त्यांना ताज्या ऑइलचा हात द्यावा आणि सुती फडक्यात गुंडाळावेत. वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, कारण कागद ओल धरतो. पेटीत चुनकळीचे खडे उघड्या डबीत ठेवले तर ते दमटपणा ओढून घेतात. त्यांचा भुगा झाला की बदलावेत, आणि चुना पान्यांना लागू देऊ नये. आधीच गंजलेल्या पान्यांसाठी आमसुलाचे किंवा चिंचेचे दाट पाणी चालते. त्यात काही तास ठेवून तारेच्या ब्रशने घासावे, सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करून तेल लावावे. आठवडाभर मात्र भिजत ठेवू नयेत, आम्ल नंतर पोलादालाच खाऊ लागते.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात वापरलेला शेगडा (वस्तू जबड्यात धरून ठेवणारा व्हाइस) घ्यावा असे वाटते. पारख कशी करावी?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : जुना शेगडा अवश्य घ्यावा. त्या काळच्या बऱ्याच शेगड्यांचे ओतकाम आजच्या स्वस्त मालाहून जाड असते. घरासाठी चार इंची जबडा पुरेसा आहे. प्रथम जबडे मिटून उजेडासमोर धरावेत आणि फट एकसारखी आहे का ते पाहावे. मग दांडा उलटा फिरवून, जबडा हलण्यापूर्वी तो किती रिकामा फिरतो ते मोजावे. अर्ध्या फेऱ्याहून अधिक फिरला तर आतला आटा झिजलेला आहे. नव्याने चढवलेल्या रंगाखाली, विशेषतः बुडाच्या छिद्रांजवळ, वेल्डिंगचा फुगीर भाग लागतो का ते नखाने चाचपावे. शेवटी शेगडा जमिनीवरून थोडा उचलून, माठ घेताना मारतो तशी, लहान हातोडीने त्याच्या अंगावर टिचकी मारावी. अखंड ओतीव लोखंड खणखणते, आणि तडा असेल तर आवाज बद्द येतो. विक्रेता हातोडी मारू देत नसेल तर पुढच्या पथारीकडे वळावे. तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी गर्दी कमी असल्याने अशी तपासणी निवांतपणे करता येते.