तोंड वारंवार का येतं?

प्रश्न : मला दर महिन्याला तोंड येतं. सगळे म्हणतात, ‘प्रतिकारशक्ती कमी झालीय.’ खरंच तसं असतं का?

उत्तर : माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण हेच ऐकून आलेले असतात आणि घाबरलेले असतात. पण या व्रणांमागे बहुधा प्रतिकारशक्तीचा दुबळेपणा नसतो, तिची दिशा चुकलेली असते. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरावरच हल्ला करतात. टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक रसायनं वाढतात, अस्तर झिजतं आणि लाल कडेचा पिवळट-पांढरा व्रण उरतो. म्हणून तर फार चिघळलेल्या व्रणांवर आम्ही प्रतिकारशक्तीला आवरणारं स्टेरॉइडचं मलम देतो! हे व्रण संसर्गजन्य नाहीत, घरच्यांची काळजी नको.

दात लागणं, ताण, अपुरी झोप ही निमित्तं. घराण्यात असेल तर शक्यता वाढते. लोह, बी-१२, फॉलिक ॲसिड मात्र तपासून घ्याच. ही कमतरता फार वेळा नजरेतून सुटते.

लहान व्रण १० ते १४ दिवसांत भरतात. ३ आठवड्यांनंतरही राहिला, किंवा जननेंद्रियांवर व्रण, डोळे लाल होणं अशी लक्षणं सोबत असली, तर त्वरित डॉक्टरांना दाखवा.