पीटी सरांना विचारा: द्रोणाचार्य, श्रीफळ आणि नारळ

फुटबॉल प्रशिक्षकांना दरवर्षी मिळणाऱ्या पुरस्कारांवर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली, पण त्यांतली निम्मी 'मेस्सी की रोनाल्डो' विचारणारी. ती बाजूला ठेवली आहेत. त्या वादासाठी गोव्यात गावोगाव रस-ऑम्लेटचा गाडा आहे, तो तिथेच शोभतो.

पीटी सर, फुटबॉल प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांना द्रोणाचार्य जाहीर झाला तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. पण धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणाऱ्या माणसाला इतकी वर्षं का थांबावं लागलं? गोवेकर म्हणून डावललं असेल का?
– एक शिक्षक, फोंडा

गोवेकर असण्याचा यात संबंध दिसत नाही. फुटबॉलवाले असण्याचा आहे. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला. पहिले मानकरी कुस्तीचे भालचंद्र भागवत, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि पी. टी. उषाचे गुरू ओ. एम. नंबियार. फुटबॉलची पाळी १९९० मध्ये आली, सय्यद नईमुद्दीन यांना मिळाला तेव्हा. त्याच वर्षी क्रिकेटचे रमाकांत आचरेकरही मानकरी होते. त्यानंतर फुटबॉलच्या नावाने जो शुकशुकाट झाला तो थेट २०२२ पर्यंत. त्या वर्षी मुंबईत एअर इंडियाचा संघ घडवणारे बिमल घोष आले, आणि २०२४ च्या यादीत आपले कुलासो. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांनी तो स्वीकारला.

कारण शोधायला फार लांब जायला नको. नियमित द्रोणाचार्य देताना गेल्या चार वर्षांत शिष्यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत काय कमावलं ते पाहतात. ऑलिंपिक, आशियाई, जागतिक पदकांना गुण असतात. आपल्या पुरुष फुटबॉल संघाचं आशियाई स्पर्धेतलं शेवटचं पदक १९७० चं, बँकॉकमधलं ब्राँझ. त्या संघाचा कर्णधार कोण, तर हेच नईमुद्दीन! पदकंच नाहीत म्हटल्यावर फुटबॉलच्या प्रशिक्षकाला गुण द्यायचे कशाचे? घोष आणि कुलासो दोघांनाही जीवनगौरव गटातून आत यावं लागलं ते यामुळेच.

आता माझं मत. या पुरस्कारातला अर्धा वाटा धेंपोच्या व्यवस्थापनाचा. कुलासोंनी २००४-०५ आणि २००६-०७ ची राष्ट्रीय लीग जिंकली, मग २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ची आय-लीग. मधली वर्षं वाचा की! २००५-०६ ला महिंद्र युनायटेड जिंकलं, तेही आपल्या डेरिक परेरांच्या हाताखाली. २००८-०९ ला चर्चिल ब्रदर्स, २०१०-११ ला साळगावकर. एकाच राज्यात शेजारचा क्लब चषक घेऊन मिरवणूक काढतोय आणि तरीही मालक आपल्या प्रशिक्षकाला 'पुढच्या मोसमाचं बघा' म्हणतो, हे दृश्य आज मला कुठे दाखवा. दशकाहून जास्त काळ एकच माणूस त्या बाकावर होता. त्याच्या हाताखाली खेळलेला महेश गवळी पुढे भारतीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला, समीर नाईकने धेंपोचंच प्रशिक्षकपद सांभाळलं, क्लिफर्ड मिरांडाचं नाव खाली येतंच आहे. एवढी माणसं तयार व्हायची तर गुरूला एका जागी टिकू द्यावं लागतं.

सर, मी चेल्सीवाला. आमचा प्रशिक्षक थॉमस तुखेल याला जानेवारी २०२२ मध्ये फिफाचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा 'द बेस्ट' पुरस्कार मिळाला आणि सप्टेंबरमध्ये क्लबने काढून टाकलं. हे पुरस्कार ठरवतं कोण आणि त्यांना अर्थ काय?
– कॉलेजचा विद्यार्थी, म्हापसा

ठरवतात चार गट: सगळ्या देशांच्या राष्ट्रीय संघांचे कर्णधार, त्या संघांचे प्रशिक्षक, प्रत्येक देशाचा एक पत्रकार, आणि इंटरनेटवरून मत देणारे तुझ्यासारखे प्रेक्षक. चौघांचं वजन सारखं, पंचवीस-पंचवीस टक्के. प्रत्येक मतदार तीन नावं लिहितो. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. भारताच्या कर्णधाराचं मत ब्राझीलच्या कर्णधाराइतकंच मोजलं जातं, ही त्यातली मला आवडणारी गोष्ट.

तुखेलचं काय घेऊन बसलास! क्लाउदिओ रानिएरी आठव. लेस्टर सिटीने २०१५-१६ ची प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा मोसमाच्या सुरुवातीला सट्टेवाल्यांनी त्यांच्यावर एकास पाच हजारचा भाव लावला होता. 'द बेस्ट'च्या पहिल्याच वर्षी, ९ जानेवारी २०१७ ला, झुरिकमध्ये रानिएरींचा सन्मान झाला. २३ फेब्रुवारीला क्लबने त्यांना काढलं. जानेवारीत श्रीफळ, फेब्रुवारीत नारळ.

रिआल माद्रिदचा प्रशिक्षक झिदानने मात्र उलट केलं. २०१७ चा पुरस्कार खिशात टाकला, मे २०१८ मध्ये सलग तिसरी चॅम्पियन्स लीग जिंकली आणि पाचच दिवसांत स्वतःहून राजीनामा दिला. शहाणा माणूस.

अर्थ विचारतोस तर तो मागच्या मोसमापुरता असतो. मतदारांना निकाल दिसतात, सराव दिसत नाही. कुणाच्या तिजोरीत किती पैसा होता हेही कुणी वजा करत नाही. २०२४ पासून वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडणाऱ्या बॅलन डी'ओरवाल्यांनीही योहान क्रायफ यांच्या नावाने प्रशिक्षकांचा करंडक सुरू केलाय. पहिल्या वर्षी तो कार्लो अँचेलोत्ती आणि एमा हेज यांना मिळाला. फिफाचं त्या वर्षाचं उत्तरही तेच. मतदार वेगळे, पद्धत वेगळी, नावं मात्र तीच, कारण सगळेच त्याच चषकांकडे बघून मत देतात.

२०२० मध्ये एफसी गोवाने मोसम संपत आला असताना प्रशिक्षक लोबेरांना काढलं आणि क्लिफर्डच्या हाताखाली इंडियन सुपर लीगची लीग शिल्ड, म्हणजे साखळी फेरीत अव्वल येणाऱ्याची ढाल, जिंकली. त्या वर्षी प्रशिक्षकाचा पुरस्कार तुमच्या हातात असता तर कुणाला दिला असता?
– फातोर्ड्याचा जुना प्रेक्षक, मडगाव

सर्जिओ लोबेरांना. क्लिफर्ड मिरांडा माझा लाडका, तरीही. संघाची चाल, पासिंग, कुणाला कुठे उभं करायचं, सगळं लोबेरांनी बसवलेलं होतं. शेवटच्या सामन्यांत क्लिफर्डने आणि तांत्रिक संचालक डेरिक परेरांनी ते बिघडू दिलं नाही, जमशेदपूरला ५-० ने हरवून शिल्ड आणली, आणि आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचणारा पहिला भारतीय क्लब गोव्याचा ठरला. हेही लहान काम नाही.

पण गंमत पुढे आहे. २०२३ मध्ये ओडिशा एफसीने क्लिफर्डला हंगामी प्रशिक्षक केलं. त्याने एप्रिलमध्ये कोळिकोडला बेंगळुरूला २-१ ने हरवून सुपर कप जिंकून दिला, ओडिशाचा पहिलाच मोठा चषक. भारतीय फुटबॉल महासंघाने २०२२-२३ चा सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यालाच निवडलं. आणि त्या मोसमानंतर ओडिशाने कायमची खुर्ची कुणाला दिली? लोबेरांना! पुरस्कार एकाला, नोकरी दुसऱ्याला. लोबेरा मोठा माणूस आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण चषक जिंकलेल्या भारतीय प्रशिक्षकाला 'हंगामी' म्हणून रामराम करायची आपल्याकडे फारच सवय आहे. खालिद जमीलने २०२३-२४ आणि २०२४-२५ असा दोनदा महासंघाचा पुरस्कार मिळवला, मग ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा संघ त्याच्या हाती आला. आयझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

रहीमसाहेबांना द्रोणाचार्य कधी मिळाला?
– डिचोली

नाही मिळाला. भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम जून १९६३ मध्ये गेले, पुरस्कार १९८५ चा. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. यादीत नाव नसल्याने बिघडलं असेल तर यादीचं.

सर, मी नववीत आहे आणि शाळेच्या मुलींच्या संघात खेळते. मला पुढे कोच व्हायचंय. घरी म्हणतात, बाईमाणूस कोच होऊन काय करणार. जगात अशा बायका आहेत का?
– साखळी

बाय, घरी हे मोठ्याने वाचून दाखव. सरिना विगमन नावाची डच बाई हेग शहरात शाळेत पीटी शिकवायची, म्हणजे माझ्याच जातीची. तिने २०१७ मध्ये नेदरलँड्सला महिलांची युरो स्पर्धा जिंकून दिली, मग इंग्लंडच्या संघाला २०२२ आणि २०२५ मध्ये. फिफाचा 'द बेस्ट' तिला २०१७, २०२०, २०२२ आणि २०२३ मध्ये मिळाला. २०१९ ला तो अमेरिकेच्या जिल एलिसला गेला होता. तिने विश्वचषक जिंकला, आणि अंतिम फेरीत हरवलं ते विगमनच्याच संघाला. आपल्याकडे महासंघाचा महिला संघांच्या प्रशिक्षकांसाठीचा पुरस्कार २०२२-२३ मध्ये केरळच्या प्रिया पी. व्ही. यांना मिळालाय.

कोच व्हायचं तर आतापासून एक कर. तुझ्या सामन्यानंतर लगेच घरी पळू नकोस, पुढचा सामना बघत बस आणि कुणी बदली खेळाडू कधी उतरवला ते वहीत लिही.

आमच्या क्लबला आसपासच्या वाड्यांतल्या मुलांच्या संघांमधून दरवर्षी एका प्रशिक्षकाचा गौरव करायचा आहे. निकष काय ठेवावे? देणगीदार म्हणतात, स्पर्धा जिंकणाऱ्याला देऊन मोकळे व्हा.
– क्लबचा सचिव, पेडणे तालुका

देणगीदारांचं ऐकलंत तर तुम्ही त्या संघातल्या सगळ्यात दांडग्या पोराला बक्षीस द्याल. बारा-तेराच्या वयात एखादा मुलगा बाकीच्यांआधी ताडमाड वाढतो. मागून बॉल उंच मारायचा, तो पळतो, गोल. चषक क्लबच्या कपाटात. सतराव्या वर्षी बाकीचे त्याला उंचीने गाठतात, आणि त्याला पायाने बॉल थांबवायला कुणी शिकवलेलंच नसतं. अशी पोरं मी इंटर-व्हिलेज स्पर्धांत पुष्कळ पाहिली.

मी असतो तर आधी हजेरीचं पुस्तक मागितलं असतं. गेल्या वर्षी जी पोरं बाकावरच बसली, ती यंदा परत आली का? आली असतील तर त्या माणसाला शिकवता येतं. मग विचारा, पावसाळ्यात मैदानावर गुडघाभर पाणी असतं तेव्हा त्याने काय केलं. बरेच जण चतुर्थीपर्यंत गायब होतात. शाळेच्या व्हरांड्यात का होईना, पोरांना जमवणारा वेगळा दिसतो. त्याच्याकडून एखादा मुलगा मोठ्या अकादमीत गेला असेल तर त्याने खुशीने सोडला की अडवून धरला, तेही बघा.

समितीत आमदार, देणगीदार आणि पालक नकोत. रेफरी घ्या. लाइनीवरून पोरांना कोण शिव्या घालतो आणि कोण समजावतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. इतर संघांच्या प्रशिक्षकांनाही मत द्या, मात्र स्वतःला मत देता येणार नाही असं आधीच लिहून ठेवा.

शाल आणि मानचिन्हावर पैसे घालवू नका. महासंघाच्या लायसन्सच्या पायऱ्या डी, सी, बी, ए आणि प्रो अशा आहेत. मानकऱ्याला पुढच्या पायरीच्या कोर्सची फी भरा, उरलेल्या पैशांत त्याच्या संघाला बॉल घेऊन द्या. आणि त्याच्या क्लबकडून लिहून घ्या की पुढची तीन वर्षं त्याला हलवणार नाही. सही करायला कचरले तर पुरस्कार दुसऱ्या नंबरवाल्याला.

समारंभ तेवढा जत्रेच्या रात्री ठेवू नका. दशावतार सुरू व्हायची वाट बघणारी माणसं कुणाचंच भाषण ऐकत नाहीत.