मुलांना पळायला नेणार आहेस तर

सर्वांत आधी पहाटे पाचचा हट्ट सोड. किशोरवयात झोपच उशिरा येते आणि आठ ते दहा तास लागते. क्लास आणि झोप यांच्या मारामारीत तू आणखी भर घालू नकोस. संध्याकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर ने.

वेग इतकाच ठेव की पळता पळता पूर्ण वाक्य बोलता यावं. धाप लागली तर चाला. गंमत अशी, की समोर बसवून विचारलं तर "काही नाही" म्हणणारी मुलं शेजारून पळताना आपणहून बोलायला लागतात. तू फक्त ऐक. टक्के, सीईटी, वजन हे विषय तुझ्याकडून नकोत. (पालक तेवढंच विचारतात, तो भाग वेगळा.)

जेवण टाळून जास्तच पळणाऱ्या मुलीचं "चिकाटी" म्हणून कौतुक करू नकोस, तिच्या घरी बोल. आणि कुणी जगणं नको झाल्याचं बोललं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी घरच्यांना गाठ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये आजच सेव्ह कर. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.