ब्रशची घरघर आणि दोन ब्रशांचा घोळ

व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्रशविषयी या वेळी बरीच पत्रे आली आहेत. चतुर्थीच्या साफसफाईसाठी कपाटातली यंत्रे बाहेर निघाली, की दरवर्षी असेच होते. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातली तक्रार बहुतेक घरांत आढळणारी आहे, म्हणून तिला जागा अधिक दिली आहे.

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला, फिरत्या ब्रशचा व्हॅक्यूम क्लीनर आहे. दिवाणखान्यातला गालिचा त्यानेच साफ करतो आणि मुले समुद्रावरून आली की बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, सांडणारी वाळूही त्यानेच ओढतो. गेल्या पावसाळ्यापासून यंत्र सुरू करताच क्षणभर किंचाळल्यासारखा आवाज होतो आणि मग ब्रश फिरत असेपर्यंत घरघर चालू राहते. आमच्या यजमानांनी ब्रशच्या टोकांना खोबरेल तेल सोडले. दोन दिवस आवाज बंद झाला आणि नंतर पूर्वीपेक्षा वाढला. दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच ‘मोटर गेली’ असे सांगितले. यंत्र मोडीत काढावे काय?
— एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : मोडीत काढू नये. मोटर शाबूत असावी, असे आपल्या पत्रावरूनच दिसते, कारण दोष मोटरचा असता तर ब्रशच्या टोकाला तेल लावल्याने तो दोन दिवसही गप्प बसला नसता. तरीही अंदाजावर विसंबण्याऐवजी आवाज नेमका कोठून येतो ते आधी ठरवावे. त्यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही. ब्रशचे डोके काढून नुसत्या नळीवर यंत्र चालवून पाहावे. घरघर नाहीशी झाली तर मुख्य मोटर निर्दोष ठरली आणि दोष डोक्यात आहे हे पक्के झाले. मग डोके पुन्हा जोडून, जमिनीपासून वीतभर उचलून धरावे. अधांतरी असतानाही आवाज तसाच राहिला तर तो ब्रशच्या दांड्याचा, त्याच्या टोकांच्या बेअरिंगचा किंवा पट्ट्याचा असतो. जमिनीला टेकल्यावरच येत असेल तर चाके आणि फरशीवरचे खडे यांच्याकडे पाहावे.

यापुढचे काम प्लग काढून करावे. यंत्र बॅटरीवर चालणारे असेल तर बॅटरीच बाहेर काढावी. केवळ बटण बंद करून ब्रशला हात लावू नये. डोके उलटे केले की एका बाजूला नाण्याने फिरणारी खीळ किंवा दोन-तीन स्क्रू दिसतात. ते सोडवले की दांडा बाहेर येतो. दांड्याच्या मधोमध गुंडाळलेले केस सगळ्यांना दिसतात आणि ते आपण काढतही असाल. खरी अडचण टोकांच्या टोपणांखाली असते. तेथे केस, दोरे आणि आपल्याकडच्या घरांत हटकून असणाऱ्या काथ्याच्या पायपुसण्यांचे तंतू एकावर एक आवळले जाऊन त्यांचे घट्ट कडे तयार होते, ते बेअरिंगला घासते आणि त्या घर्षणाने कधीकधी प्लॅस्टिकचे टोपण वितळल्याचेही आढळते. शिवण उसवण्याचे टोकदार हत्यार घेऊन दांड्याच्या लांबीच्या दिशेने हे कडे कापावे आणि तुकडे चिमट्याने ओढावेत. काथ्या केसासारखा सहज तुटत नाही, तेव्हा घाई केल्यास ब्रशचे केसच उपटले जातात.

टोके मोकळी झाली की दांडा दोन बोटांच्या चिमटीत, दोन्ही बेअरिंगांवर धरून फिरवावा. तो न अडखळता काही फेरे घेऊन थांबला तर बेअरिंग ठीक आहे. बोटांना रेती दळल्यासारखी खरखर जाणवली, किंवा दांडा आडवा हलू लागला, तर बेअरिंग बदलावे लागेल. किनाऱ्याजवळच्या घरांत असे लवकर होते, कारण समुद्राची वाळू बहुतांशी गारगोटीची, म्हणजे पोलादालाही ओरखडे पाडण्याइतकी कठीण असते; त्यात वाळूबरोबर आलेले मीठ पावसाळ्यातली दमट हवा शोषून गंज धरवते. आपली घरघर पावसाळ्यापासून सुरू झाली, यावरून मला गंजाचाच संशय अधिक येतो.

आता खोबरेल तेलाविषयी. बिजागरीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळीकडे खोबरेल सोडण्याची आपल्याकडची सवय जुनी आहे आणि म्हणून आपल्या यजमानांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये हे तेल आत राहिलेले ग्रीस पातळ करून बाहेर काढते, धूळ ओढून घेते आणि सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली तर गोठते. दोन दिवस शांतता आणि मग दुप्पट आवाज, हा क्रम त्यातूनच आला. गंज सोडवण्याचे फवारेही येथे उपयोगाचे नाहीत, कारण तेही ग्रीस धुऊन नेतात. दांड्याच्या टोकाला गोळ्यांचे बेअरिंग नसून पितळी बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते साधे पितळी कडे, असेल, तर तो पुसून त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. बंदिस्त बेअरिंगमध्ये मात्र काहीच घालायचे नसते. ते खराब झाले की बदलायचे असते.

बेअरिंग बदलण्यासाठी त्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक पाहावा आणि जुने बेअरिंग बरोबर घेऊनच दुकानात जावे. क्रमांकापुढे ‘झेडझेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे असतात आणि ‘२आरएस’ असेल तर रबराची. धूळ आणि दमट हवा या दोहोंचा विचार करता आपण रबरी झाकणांचे घ्यावे. काही यंत्रांत बेअरिंग टोपणातच घट्ट बसवलेले असते. तेथे हातोडीने ठोकण्यापेक्षा पूर्ण दांडा बदलणे शहाणपणाचे.

सुरुवातीच्या किंकाळीचे कारण वेगळे असू शकते. आपल्या यंत्रात मोटर आणि ब्रश यांच्यामध्ये रबरी पट्टा असेल, तर तो सैल होऊन किंवा घासून गुळगुळीत झाल्यावर सुरू होताना घसरतो आणि किंचाळतो. जळक्या रबराचा वासही येतो. सपाट पट्टा ताणला जातो, म्हणून नियमित वापरात तो दर वर्षी बदललेला बरा. दातेरी पट्ट्याचे दाते झिजले की किंकाळीऐवजी कटकट ऐकू येते. पट्टा तेल लावून गप्प करता येत नाही. तेल लागले की तो कायमचा निकामी होतो. आपल्या यजमानांचे तेल पट्ट्यापर्यंत पोहोचले असेल, तर बेअरिंगबरोबर पट्टाही नवा आणावा.

आणखी एक गोष्ट, बाल्कांवाची. फिरता ब्रश कशासाठी आहे, हे त्याचा इतिहास पाहिला की ध्यानात येते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कँटन गावच्या एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर यांना दम्याचा विकार होता आणि गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने ते हैराण होत. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा, उशीचा अभ्रा आणि फिरता ब्रश एकत्र करून त्यांनी यंत्र बनवले आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे ते पेटंट विल्यम हूव्हर या उद्योजकाने घेतले. गालिच्याच्या लवेत रुतलेली माती नुसत्या ओढीने वर येत नाही, तिला खालून झटकावे लागते, एवढ्यासाठी तो ब्रश होता. गुळगुळीत फरशीवर झटकण्यासारखे काहीच नसते. तेथे फिरता ब्रश वाळूचे कण ओढण्याआधी उडवतो, ते डोक्याच्या आतल्या भिंतीवर तडतड आपटतात, फरशीवर चरे पडतात आणि उरलेले कण बेअरिंगमध्ये शिरतात. म्हणून बाल्कांवावर ब्रश फिरवण्याचे बटण बंद ठेवावे. मला विचाराल तर तेथे हिरांचा खराटा अजूनही सरस आहे.

पावसाळ्यात ब्रश धुतलाच तर तो बाहेरून कोरडा दिसतो म्हणून लगेच बसवू नये. एरवी २४ तास पुरतात, परंतु जुलैमध्ये हवेतली आर्द्रता अनेकदा ८५ टक्क्यांच्या वर असताना पंख्याखाली दोन दिवस ठेवणेच योग्य. बेअरिंग असलेली टोके पाण्यात बुडवू नयेत. ज्या डोक्यात स्वतंत्र मोटर आहे, ते डोके तर कधीच धुवायचे नसते.

प्रश्न : माझ्या यंत्राला टर्बो ब्रश आहे, त्याला वायर नाही. पूर्वी तो सोफ्यावर चांगला फिरत असे. आता तो मंद फिरतो, मधूनच थांबतो आणि शीळ घातल्यासारखा आवाज येतो. त्याच वेळी यंत्राचा आवाज मात्र चढतो. यंत्र जोर लावते आहे, तर ब्रश का थांबतो?
— एक वाचक, वास्को

उत्तर : आवाज चढणे म्हणजे जोर लावणे, अशी आपली समजूत दिसते, वस्तुस्थिती उलट आहे. यंत्रातला पंखा हवा ढकलण्याचे काम करतो. वाट कोंडली की ढकलायला हवाच कमी मिळते, पंख्यावरचा भार हलका होतो आणि मोटर अधिक वेगाने फिरून तिचा स्वर उंचावतो. टर्बो ब्रशला स्वतःची मोटर नसते. ओढल्या जाणाऱ्या हवेवर फिरणारे छोटे चक्र त्याला चालवते, आणि हवा कमी झाली की ते चक्र मंदावते. म्हणजे आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे.

पिशवी किंवा धुळीचे भांडे रिकामे करून फिल्टर पाहावा. आपल्याकडची तांबडी माती इतकी बारीक असते, की वरून स्वच्छ दिसणाऱ्या फिल्टरच्या घड्या तिने भरलेल्या असतात. त्या मोकळ्या जागेत हलक्या हाताने झटकाव्यात, आणि फिल्टर धुण्याजोगा असल्याचे पुस्तिकेत लिहिले असेल तरच धुवावा. नंतर नळीतून एखादे नाणे सोडून पाहावे. ते दुसऱ्या टोकाने पडले नाही तर बोळा आतच आहे. शेवटी टर्बो ब्रशचे झाकण काढून चक्राच्या पात्यांत अडकलेले कापसाचे धागे काढावेत. हे सर्व करूनही शीळ राहिली, तर ती बहुधा फटीतून शिरणाऱ्या हवेची असते. यंत्र चालू असताना नळीच्या जोडांभोवती ओली बोटे फिरवावीत; जेथे थंड झुळूक लागेल, तेथे फट आहे.

कोंडलेल्या अवस्थेत यंत्र चालवत राहू नये. साध्या कोरड्या यंत्रांत ओढलेली हवाच मोटरलाही गार ठेवते, त्यामुळे हवा थांबली की मोटर तापते.

प्रश्न : दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, ‘ब्रश गेले आहेत, दोन्ही बदला.’ मी फिरता ब्रश मागवून घेतला, परंतु यंत्राचा तडतडाट तसाच आहे आणि आत ठिणग्याही दिसतात. मला चुकीचा सल्ला दिला गेला काय?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : सल्ला बरोबर होता, घोळ शब्दाचा झाला. दुरुस्तीवाले ‘ब्रश’ म्हणतात तेव्हा त्यांना मोटरमधले कार्बन ब्रश अभिप्रेत असतात. नाव ब्रशचे असले तरी ते कार्बनचे लहानसे ठोकळे असून स्प्रिंगच्या दाबाने फिरत्या कम्युटेटरला, म्हणजे मोटरच्या आसावरच्या तांब्याच्या कड्याला, टेकलेले असतात आणि त्यांतून आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, वीज पोहोचते. हे ठोकळे झिजण्यासाठीच असतात. फार आखूड झाले की टेकणे सुटू लागते, मग तडतड, ठिणग्या आणि मधूनच यंत्र बंद पडणे अशी लक्षणे दिसतात. त्यानंतरही यंत्र चालवले तर कम्युटेटरला खाचा पडतात आणि मग थोडक्यात सुटणारे काम मोटर बदलण्यापर्यंत जाते. म्हणून यंत्र आत्ताच थांबवावे. कार्बन ब्रश नेहमी जोडीने बदलतात; ‘दोन्ही’ या शब्दावरूनच आपल्याला खूण पटायला हवी होती, कारण फिरता ब्रश आपल्या यंत्रात एकच असेल. नवे ठोकळे कम्युटेटरच्या गोलाईला बसेपर्यंत थोड्या ठिणग्या दिसतात, त्याने घाबरू नये. काही नव्या यंत्रांत कार्बन ब्रश नसलेली मोटर असते; त्यांना हे उत्तर लागू नाही. मागवलेला फिरता ब्रश वाया जाणार नाही, तो कोरड्या जागी ठेवून द्यावा.

प्रश्न : आम्ही सदनिकेत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खालचे शेजारी आमच्या यंत्राच्या आवाजाची तक्रार करतात. यंत्र बिघडले आहे की ते एवढेच वाजते, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरसाठी ८० डेसिबलची कमाल मर्यादा घातली, यावरून चांगल्या स्थितीतले यंत्रही किती वाजू शकते याची कल्पना येईल. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत आकडा दिला असल्यास त्याच्याशी तुलना करावी. दहा डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट वाटते, तेव्हा तेवढा फरक पडला असेल तर मोबाइलच्या मापनावरूनही तो कळतो. परंतु खालच्या मजल्यावर जाणारा आवाज बहुतेक वेळा मोटरचा नसून टणक चाकांचा असतो. चाकांच्या आसांना गुंडाळलेले केस काढावेत, फरशीवर ब्रश बंद ठेवावा आणि यंत्राची मुख्य पेटी ओढत नेण्याऐवजी जाडसर सतरंजीवर ठेवून नळी पोहोचेल तेवढाच भाग आधी उरकावा.