डोंगरातल्या ५० किलोमीटरसाठी बूट कसे निवडावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, रस्त्यावरच्या हाफ मॅरेथॉन पळून झाल्या आहेत आणि आता डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा पट्ट्यातली ५० किलोमीटरची शर्यत पळायची आहे. घरात कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बनची कडक पट्टी असलेले, महागडे रोड शूज आहेत. ते चालतील का, आणि नवे घ्यायचे तर आठ-दहा हजारांत कोणते घ्यावेत?

ते चालणार नाहीत. नवे घ्या, आणि घेताना एकच गोष्ट धरून ठेवा: बूट उतारासाठी निवडायचे. चढावर आपण बहुतेक सगळे चालतोच. तिथे दम आणि पोटऱ्या कामाला येतात, बूट कुठलाही असला तरी फारसं अडत नाही. उतारावर मात्र प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच सगळा भार पेलत असतो, पाय बुटात पुढे सरकतो, बोटं आदळतात आणि टाचेखालची मुरूम निसटते. मी काही वर्षं अशा शर्यतींत शेवटच्या टप्प्यातल्या थांब्यावर मदतीला बसतो. तिथे शर्यत सोडणाऱ्यांना दम लागलेला क्वचितच असतो. काळीनिळी पडलेली नखं, चवड्याखालचे फोड आणि उतरताना वाकेनासे झालेले गुडघे, हेच जास्त दिसतं.

रोड शूजचं नेमकं काय चुकतं ते सांगतो. एक तर तळ जवळजवळ सपाट असतो. दुसरं म्हणजे उंची. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी वर्ल्ड ॲथलेटिक्सने सोलच्या जाडीला ४० मिलिमीटरची मर्यादा घातली आहे आणि वेगवान बूट त्या मर्यादेच्या जवळपास असतात. इतक्या उंच, मऊ फोमवर सपाट डांबरावर मजा येते. पण डोंगराच्या कुशीतून आडव्या जाणाऱ्या ढोरवाटेवर, जिथे एक पाय वर आणि एक पाय खाली पडतो, तिथे तोच फोम एका बाजूला दबतो आणि घोटा मुरगळतो. शिवाय कारवीचे खुंट बुटाच्या वरच्या पातळ जाळीची चाळण करतात.

आता डिसेंबरातल्या सह्याद्रीबद्दल, कारण परदेशी परीक्षणं वाचून बूट घेणारे इथेच फसतात. तिकडचे लोक चिखल आणि बर्फ डोळ्यांसमोर ठेवून लिहितात. आपल्याकडे तोवर चिखल वाळून घट्ट झालेला असतो आणि त्यावर सुटी मुरूम पसरलेली असते. हा घसारा उतरताना सगळ्यात जास्त दगा देतो. मध्येच उघडा कातळ, मध्येच वाळलेल्या गवताचा उतार आणि गावांना जोडणारे डांबरी किंवा सिमेंटचे तुकडे. म्हणून तळाचे दाते साधारण ४ ते ५ मिलिमीटर असले की पुरे. ६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल, विरळ दात्यांचे बूट जुलै-ऑगस्टच्या चिखलासाठी उत्तम, पण कडक जमिनीवर ते पायाखाली टोचतात आणि डांबरावर भराभर झिजतात. दाते कसे रचले आहेत तेही उलटं करून बघा. टाचेकडचे दाते पुढच्या दात्यांच्या उलट दिशेला असतील तर उतारावर ब्रेक लागतो.

कातळावर मात्र दात्यांपेक्षा रबर महत्त्वाचं. मऊ रबर धरतं पण लवकर झिजतं, कडक टिकतं पण घसरतं. आपल्याकडच्या ट्रेकर्सना हे कोणी शिकवावं लागत नाही. ॲक्शनचे साधे ट्रेकिंग शूज इतकी वर्षं लोकप्रिय राहिले ते त्यांच्या पकडीमुळेच. ५० किलोमीटर पळायला मात्र ते जड आणि कडक पडतात. ट्रेल शूजमध्ये, म्हणजे कच्च्या डोंगरवाटांवर पळायच्या बुटांत, व्हायब्रम कंपनीचं मेगाग्रिप रबर असेल तर डोळे झाकून भरवसा ठेवावा असं माझं मत आहे. या कंपनीमागची गोष्ट दुःखद आहे. १९३५ मध्ये इटालियन आल्प्समध्ये इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा साथीदार दगावले. त्या काळचे बूट डोंगरातल्या वाईट हवामानात अपुरे पडत, हे लक्षात घेऊन त्यांनी पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने रबरी तळ तयार केला. त्यांच्या नावाची सुरुवातीची अक्षरं जोडून व्हायब्रम हे नाव झालं. अर्थात ओल्या शेवाळावर कुठलंच रबर धरत नाही, तिथे चालायचं.

फोम किती हवा? माझा कल मध्यम जाडीकडे आहे, पायाखाली साधारण २५ ते ३२ मिलिमीटर. जाड फोमचे बूट आले तेच मुळी उतारासाठी. २००९ मध्ये फ्रान्समध्ये आन्सी इथे होका ही बूट कंपनी सुरू करणाऱ्या दोघांना डोंगर वेगाने उतरता येईल असा बूट हवा होता. त्या बुटांचा तळ रुंद असतो आणि पाय फोमच्या आत थोडा बुडालेला असतो, म्हणून ते उंच असूनही डगमगत नाहीत. जाड घ्यायचेच असतील तर तळ रुंद आहे ना, हे पाहा. पातळ घेतलात तर आत रॉक प्लेट, म्हणजे खडे टोचू नयेत म्हणून घातलेली कडक पट्टी, आहे का ते विचारा, नाहीतर तीस किलोमीटरनंतर प्रत्येक खडा जाणवतो.

ड्रॉपबद्दल, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाबद्दल, फार डोकं शिणवू नका. सध्याच्या बुटांचा ८-१० मिलिमीटर असेल तर ट्रेलसाठी ५ ते ८ मध्ये राहा. आल्ट्रा कंपनीचे शून्य ड्रॉपचे बूट मला स्वतःला आवडतात, पण ते पोटरी आणि टाचेच्या शिरेवर ताण आणतात. शर्यतीला दोन-तीन महिने उरले असताना तो बदल करू नये.

मापाकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या, आणि इथे दुकानदाराचं ऐकू नका. सात-आठ तास पायांवर असलं की पाय सुजतात, त्यामुळे रोजच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागतो. संध्याकाळी जा, पळताना घालता तेच मोजे घाला, दोन्ही पायांत बूट घाला. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. मग दुकानातल्या जिन्यावरून किंवा पार्किंगच्या रॅम्पवरून भरभर उतरा. बोटं पुढे टेकली तर तो बूट परत ठेवा, कितीही आवडला असला तरी. आपल्याकडे चवडा रुंद असलेले पाय बरेच आढळतात आणि युरोपीय कंपन्यांचे निमुळते बूट त्यांना करंगळीपाशी चावतात. अशांनी आल्ट्रा, टोपो किंवा न्यू बॅलन्सची रुंद मापं पाहावीत.

वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. ओढ्यात पाणी वरून आत शिरतं आणि बाहेर पडत नाही, शिवाय दुपारच्या उन्हात पाय आतल्या आत उकडतात. घट्ट विणीची साधी जाळी बरी. घट्ट विणीचा आणखी एक फायदा म्हणजे कुसळं. पावसाळ्यानंतरच्या गवताची कुसळं सैल जाळीतून मोज्यात घुसतात आणि प्रत्येक पावलाला टोचत राहतात. घोट्याभोवती पातळ गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारी कापडी पट्टी, लावले तर हा त्रास आणि आत येणारी मुरूम, दोन्ही टळतात. मोजे सुती नकोत. बोटांमध्ये फोड येत असतील तर पाच बोटांचे मोजे वापरून पाहा.

तुमच्या बजेटमध्ये डेकॅथलॉनचे ट्रेलचे बूट आरामात बसतात आणि पहिल्या ५० किलोमीटरला ते पुरेसे आहेत. बाकी परदेशी कंपन्यांची गेल्या वर्षीची मॉडेलं सेलमध्ये शोधा. मॉडेलच्या नव्या आवृत्तीत बरेचदा रंग आणि वरचं कापडच काय ते बदललेलं असतं. रोड शूज टाकून देऊ नका. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन किंवा लडाखमधली खारदुंगला चॅलेंज डोंगरातल्याच आहेत, पण पळायचं डांबरावर असतं, तिथे तेच घाला.

नवे बूट ऑक्टोबरातच घ्या. वेताळ टेकडीवर मऊ करा, मग रविवारी सिंहगडावर न्या आणि चढण्यापेक्षा उतरण्याचाच सराव जास्त करा. लेस बांधायची पद्धतही तिथेच पक्की करा. सगळ्यात वरचं जास्तीचं भोक असतं ना, त्यात लेसचा छोटा फास करून दुसरं टोक त्यातून ओवलं की टाच मागे पकडून राहते आणि बोटं पुढे आदळत नाहीत. चवड्यावर सैल, घोट्यापाशी घट्ट. शर्यतीच्या दोन दिवस आधी नखं कापा. आणि राजगडाच्या अळू दरवाजातून तोरण्याच्या सोंडेवर उतरायला लागण्याआधी मिनिटभर थांबून बुटातले खडे झटका आणि लेस पुन्हा आवळा, मागचे चार जण पुढे गेले तरी चालतील.